आमच्या घरीं तसें कोणी नाहीं

अहवाल ही वस्तु घरगुती मासिकाच्या पानांवर शोभणारी नव्हे, हें मला ठाऊक आहे. आंकडे, कोष्टकें आणि व्याख्या यांनीं भरलेलें तें बाड विद्यापीठाच्या कपाटांत जाऊन पडावें, हाच त्याचा स्वाभाविक शेवट. परंतु गेल्या दोन वर्षांत शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत हिंडून मीं जो अहवाल लिहिला, त्यासंबंधींचें सर्वांत महत्त्वाचें वाक्य मला कोणत्याहि कोष्टकांत बसवितां आलें नाहीं. तें वाक्य माझ्या स्वतःच्या तोंडचें होतें, आणि तें खोटें होतें. त्याची हकीकत वाचक-भगिनींपुढें मांडावी, एवढाच या लेखाचा हेतु.

शिरूरास एका शाळेंत मीं तीस वर्षें शास्त्र हा विषय शिकविला. मी अविवाहित, माहेरच्या घरींच राहतें. भाऊ, वहिनी, पुतणे, पुतणी आणि वडिलांची सर्वांत धाकटी बहीण, म्हणजे आमची आत्या, असें आमचें भरलेलें घर आहे. सेवानिवृत्तीनंतर रिकामें बसवेना, म्हणून सार्वजनिक आरोग्य या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास नांव घातलें. शेवटच्या वर्षीं संशोधन-अहवाल लिहावा लागतो. विषयाच्या रकान्यांत मीं 'अपस्मार' असें लिहून दिलें. पहिली फिट आल्यापासून नियमित औषध सुरू होईपर्यंत किती काळ जातो, आणि त्या मधल्या काळांत घरचीं माणसें काय काय करतात, हें मला पाहावयाचें होतें. "हाच विषय कां हो, वन्सं?" असें वहिनीनें विचारलें, तेव्हां "मार्गदर्शकांनीं सुचविला" असें मीं सांगितलें. आत्या त्या वेळीं गहूं निवडीत बसली होती. तिनें मान वर केली नाहीं.

अपस्मार हा शब्द फार जुना. स्मृति नाहींशी होणें तो अपस्मार. चरकसंहितेंत निदानस्थानीं आणि चिकित्सास्थानीं त्यावर स्वतंत्र अध्याय असून दोषांप्रमाणें त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. नटराजाच्या पायाखालीं जो ठेंगणा पुरुष पडलेला दिसतो, त्याचेंहि नांव अपस्मारच. ग्रीक लोक या रोगाला 'पवित्र रोग' म्हणत. परंतु हिपोक्रेटिसाच्या नांवावर असलेल्या, ख्रिस्तापूर्वीं सुमारें ४०० वर्षांच्या एका ग्रंथांत, हा रोग इतर रोगांहून अधिक दैवी नाहीं, त्याचें मूळ मेंदूंत आहे, असें स्पष्ट बजावलेलें आहे. पुढें १९२४ सालीं हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरानें मानवी मेंदूंतील विद्युत्‌-लहरींचा पहिला आलेख घेतला आणि त्या जुन्या तर्काला डोळ्यांना दिसेल असा आधार मिळाला. एकत्र कुटुंबांत माणसें आपापल्या पाळीनें बोलतात म्हणून घर चालतें. तीं सगळींच एका क्षणीं मोठ्यानें बोलूं लागलीं तर जो गोंधळ उडेल, तसाच मेंदूच्या पेशींचा क्षणैक गोंधळ म्हणजे फिट. त्यांत भूत नाहीं, पाप नाहीं, आणि वेड तर नाहींच नाहीं.

अहवाल लिहितांना पहिला खटाटोप व्याख्येचा. तात्कालिक कारणावांचून, चोवीस तासांहून अधिक अंतरानें, निदान दोन झटके आले म्हणजे त्यास अपस्मार म्हणावें, असा साधारण नियम आहे. लहान मुलास ताप चढून येणारी आंकडी यांत धरावयाची नाहीं. दुसरा खटाटोप मोजणीचा. आपल्या देशांत दारोदार जाऊन अशी मोजणी पूर्वीं झालेली आहे. मुंबईच्या पारशी वसाहतींतील पाहणी डॉ. नादिर भरूचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८८ सालीं प्रसिद्ध केली. तींत हजार माणसांमागें ४.७ जणांना हा विकार आढळला. केरळांतील २००० सालच्या मोठ्या पाहणींत हें प्रमाण हजारीं ४.९ होतें. बंगळूर परिसरांतील २००४ च्या पाहणींत तें ८.८ निघालें, आणि तेथें खेड्यांतील प्रमाण शहराच्या दुप्पट होतें.

हे आंकडे हातीं घेऊन मीं साधें त्रैराशिक मांडलें. हजारीं पांच धरले, तरी चार हजार वस्तीच्या गांवांत वीस माणसें असावयास हवींत. मी न्हावऱ्याकडच्या वाड्यावस्त्यांवर गेलें, पाटस-केडगांवकडे गेलें, दौंडच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींहि माणसें सांपडेनात. प्रश्न विचारणाऱ्यांचें आमच्या तालुक्याला नवल नाहीं. शिरूर तालुक्यांतील वढू बुद्रुक येथें पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचें काम अनेक वर्षांचें आहे, डॉ. बानू कोयाजी यांनीं त्या भागांत ग्रामीण आरोग्याचा पाया घातला, आणि २००२ सालापासून तेथील गांवोगांवच्या जन्म, मृत्यु आणि स्थलांतरांची घरवार नोंद ठेवण्यास आरंभ झाला. जन्म सांगतात, मृत्यु सांगतात, साखरेचा आणि रक्तदाबाचा विकार तर चहाच्या कपाबरोबर सांगतात. परंतु "घरांत कोणास कधीं फिट, फेफरें, आंकडी?" एवढें विचारलें कीं, ठरलेलें उत्तर येई: "आमच्या घरांत तसलं कुणी न्हाई."

तें 'न्हाई' कोणत्या जातीचें आहे, हें मला इतरांपेक्षां लवकर कळे. दाराआड कोणीतरी झटकन्‌ आंत जाई. एखाद्या तरुण पोराच्या भुवईवर जुनी खोक दिसे, एखाद्या सुनेच्या हातावर भाजल्याचा व्रण दिसे, आणि सासू न विचारतांच सांगे कीं, तवा निसटला. ज्यांनीं खरें सांगितलें, त्यांच्या कहाण्या बहुतेक सारख्याच होत्या. कांदा हुंगविला, जोडा नाकाशीं धरला, मुठींत किल्ल्यांचा जुडगा कोंबला, देवऋष्याकडे वाऱ्या केल्या, कोंबडें उतरून टाकलें; आणि या सगळ्यांत वर्षें गेलीं. गोळी मिळालीच तर दोन महिने बरें वाटतांच ती बंद केली, आणि मग फिट पूर्वींहून जोरानें आली.

दौंड हें रेल्वेचें गांव. गाड्यांच्या वेळांवर तेथलीं घरें जागतात आणि निजतात. तेथें एका घरीं मीं प्रश्न विचारला, गृहिणीनें नकार दिला, आणि मी निघालें. गल्लीच्या वळणापर्यंत ती मागोमाग आली. पदर तोंडाशीं धरून म्हणाली, "बाई, माझ्या पोरीला येते. दहावीला आहे. दोन वर्षं झाली. परवा शेगडीवर हात पडला." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतें, ती नुसती दमलेली दिसत होती. मी तिला समजावूं लागलें, कीं हा मेंदूचा विकार आहे, त्यावर औषध आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें योग्य निदान व उपचार झाल्यास १०० पैकीं सुमारें ७० रोगी झटक्यांवांचून राहूं शकतात. तिनें सगळें ऐकून घेतलें आणि मग मला विचारलें, "खरं सांगा बाई, तुमच्या घरांत आहे का कुणाला असलं?"

मीं म्हटलें, "नाहीं. आमच्या घरीं तसें कोणी नाहीं."

इतक्या सहज तें वाक्य आलें कीं, उच्चारल्यावर माझें मलाच तें ओळखीचें वाटलें. ती बाई थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. "मग तुम्हांला काय कळणार," एवढेंच म्हणाली. डॉक्टरांकडे मुलीला कधीं आणतां, असें विचारलें तर "बघूं" म्हणून ती वळली. मला पुढें हांक मारण्याचा धीर झाला नाहीं.

परतीच्या एस. टी. मध्यें मला माझ्या आजीचें तोंड दिसत होतें. आत्याला सातव्या वर्षीं मेंदूज्वर झाला, आणि अकराव्या वर्षापासून तिला फिट येऊं लागल्या. १९७५ च्या सुमारास पुण्याच्या एका डॉक्टरांनीं गार्डिनालच्या गोळ्या सुरू केल्या आणि झटके जवळजवळ थांबले. या गोळीचें मूळ औषध १९१२ पासून अपस्मारावर वापरांत आहे, स्वस्त आहे, आणि आजहि अनेकांना उपयोगी पडतें. झटके थांबले तसें आजीनें ठरविलें कीं, ही गोष्ट आतां कोणाला सांगावयाची नाहीं. १९७९ सालीं आत्याचें लग्न झालें. मी त्या वेळीं बारा वर्षांची होतें, करवली म्हणून मिरवलें. तीन वर्षांनीं आत्या एका पत्र्याच्या ट्रंकेसह परत आली. हिंदु विवाह कायद्यांत १९७६ सालीं जी दुरुस्ती झाली होती, तिच्या अन्वयें वेडाचे किंवा अपस्माराचे झटके वारंवार येणाऱ्या व्यक्तीशीं झालेला विवाह रद्द ठरवून घेतां येत असे. सासरच्यांनीं तेंच केलें. कायद्यानें वेड आणि अपस्मार एकाच ओळींत बसविले होते. ती ओळ दुरुस्त होऊन अपस्मार हा शब्द गळण्यास १९९९ साल उजाडावें लागलें. तोंपर्यंत आत्याचें वय चाळिशीपलीकडे गेलें होतें, आणि कायदा बदलल्याचें आमच्या घरांत कोणी तिला सांगितलेंहि नाहीं. १९८२ पासून या विषयावर आमच्या घरीं एक अक्षर निघालें नव्हतें. "आत्यानें लग्न टिकविलें नाहीं" असें लोक म्हणत, आणि आम्ही तें म्हणूं देत असूं.

त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर मी आत्याच्या खोलींत गेलें आणि दौंडची हकीकत तिला सांगितली. मी काय उत्तर दिलें, तेंहि सांगितलें. मला वाटलें, ती रडेल किंवा रागावेल. तिनें चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "तूं नवीन कांहीं केलें नाहींस. आईनेंहि तेंच केलें. पण पुढचें तुला ठाऊक नाहीं. तिनें सासरीं लपविलें म्हणून मला गोळ्याहि लपवाव्या लागल्या. साड्यांच्या घडींत पुडी ठेवीत असें. एकदां सासूबाईंनीं कपाट आवरायला काढलें, मीं भीतीनें पुडी फेंकून दिली. चवथ्या दिवशीं सत्यनारायण होता. शंभर माणसांदेखत पडलें. गोळी चालू असती तर पडलें नसतें."

बेचाळीस वर्षें मी असें समजत होतें कीं, आत्याचा संसार रोगानें मोडला. तो लपवणुकीनें मोडला होता. हें औषध एकाएकीं बंद केलें तर झटके उसळून येतात, हें मी माझ्या अहवालाच्या दुसऱ्या प्रकरणांत मोठ्या ऐटीनें लिहून बसलें होतें. पण त्याचें उदाहरण माझ्याच घरांत भाजी चिरीत बसलें आहे, हें मला दिसलें नव्हतें. १९९१ नंतर आत्याला एकदांहि फिट आलेली नाहीं. कारण एकच: सुपारीच्या डबींत ठेवलेली गोळी ती रोज रात्रीं न चुकतां घेते. इतकीं वर्षें आम्ही सगळे त्या डबीला सुपारीची डबी म्हणत आलों.

"त्या मुलीच्या आईकडे मी येतें," असें आत्या म्हणाली, आणि घरांत वादळ उठलें. पुतणीच्या लग्नाचें पाहणें चालू होतें. वहिनी म्हणाली, "वन्सं, आत्यांविषयीं मला काय कमी आदर आहे? पण ही गोष्ट दौंडास सांगितली ती पुण्यास पोंचायला किती वेळ? घराण्यांत आहे, असें म्हणतील." वहिनीला दोष देण्याचा मला अधिकार नव्हता, तिची भीति खोटी नव्हती. मीं तिला एवढेंच सांगितलें कीं, आत्याचा विकार मेंदूज्वरानंतरचा आहे, तो रक्तांतून उतरलेला नाहीं; आणि ज्या प्रकारांत आनुवंशिकतेचा भाग असतो, त्यांतहि बहुतेकदां पुढच्या पिढीला धोका थोडाच असतो. भाऊ गप्प होता. शेवटीं पुतणीच म्हणाली, "आई, आजीला ४२ वर्षें गप्प बसविलें तें माझ्या लग्नासाठीं नव्हतें ना? मग आतां माझ्या नांवावर नको."

पुढच्या गुरुवारीं आत्या आणि मी दौंडास गेलों. भीमेचें पात्र त्या दिवसांत आटलेलें होतें. त्या घरीं आत्या ओसरीवर बसली, पाणी प्याली, आणि पिशवींतून डबी काढून तिनें ती त्या बाईपुढें उघडी केली. "मला अकराव्या वर्षापासून आहे," ती म्हणाली, "आणि मी आज सदुसष्ट वर्षांची आहें. हिनें तुम्हांला खोटें सांगितलें, तें मला जपण्यासाठीं. आतां मला जपण्याची गरज राहिली नाहीं; तुमच्या मुलीला आहे." त्यानंतर त्या दोघी तासभर बोलत होत्या आणि मी गप्प बसलें होतें. माझ्या प्रश्नावलींतील एकहि प्रश्न आत्यानें विचारला नाहीं, पण प्रत्येकाचें उत्तर मला मिळालें.

मुलीला पुण्यास नेलें. मेंदूच्या चित्रांत एक लहानशी गांठ दिसली; डॉक्टरांनीं ती फीतकृमीच्या अंड्यापासून झालेली आहे असें सांगितलें. आई थक्क झाली. "आम्ही माळकरी. घरांत मांस शिजत नाहीं," ती म्हणाली. आपल्या पांढरपेशा शाकाहारी घरांनीं हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. डुकराचें कच्चें मांस खाणाऱ्याच्या आंतड्यांत फीतकृमि वाढतो हें खरें. परंतु त्याचीं अंडीं त्या माणसाच्या विष्ठेवाटे बाहेर पडतात, आणि न धुतलेल्या हातांतून, घाण पाण्यावर वाढलेल्या कोथिंबिरीतून किंवा मुळ्याच्या पाल्यांतून तीं कोणाच्याहि पोटांत जाऊं शकतात. आपल्या देशांत अपस्माराच्या टाळतां येण्याजोग्या कारणांत याचा क्रम बराच वर लागतो. तेथें सोंवळें कामास येत नाहीं. साबण, शौचकूप आणि नीट धुतलेली भाजी कामास येते. मुलीला गोळ्या सुरू झाल्या. आतां आठ महिने झाले, तिला फिट आलेली नाहीं. शेगडीपाशीं ती अजून एकटी बसत नाहीं, आणि स्नानाच्या वेळीं आंतून कडी लावीत नाहीं. हे दोन्ही नियम तिला आत्यानें घालून दिले.

मीं जें घरोघर सांगितलें, तें येथेंहि सांगतें. फिट आली तर माणसाला हातपाय धरून दाबूं नये. डोक्याखालीं मऊ कांहीं द्यावें, गळ्याशीं आवळलेलें सैल करावें, आजूबाजूच्या टोंकदार वस्तु दूर साराव्या. तोंडांत चमचा, बोट, पाणी, कांहींहि घालूं नये. झटके ओसरतांच त्याला एका कुशीवर वळवावें, म्हणजे लाळ घशांत जात नाहीं. घड्याळ पाहावें, पांच मिनिटांहून अधिक काळ चालली, किंवा शुद्धीवर न येतां दुसरी आली, तर विलंब न करतां रुग्णालय गांठावें. जवळ मोबाइल असेल तर कोणीतरी त्या प्रसंगाचें थोडें चित्रण करावें. डॉक्टरांस निदानाच्या कामीं त्याचा फार उपयोग होतो. जोडा पायांतच असूं द्यावा. आणि ज्या घरांत असें माणूस आहे त्या घराला एकटें वाटूं नये, म्हणून पुण्यांत यशोदा वाकणकर यांनीं संवेदना फाउंडेशनच्या द्वारें रोग्यांचा आणि कुटुंबियांचा जो गट उभा केला, त्याची हकीकत अशा घरांनीं अवश्य जाणून घ्यावी. स्वतः या विकारांतून गेलेल्या माणसाचा शब्द किती खोल जातो, हें मीं दौंडच्या ओसरीवर पाहिलें आहे.

अहवालाच्या शेवटीं 'मर्यादा' नांवाचें एक प्रकरण असतें. पुष्कळ लोक त्यांत वेळ अपुरा पडला, नमुना लहान होता, असें लिहितात. मींहि तें लिहिलें. त्याखालीं मीं आणखी लिहिलें कीं, या पाहणींत मिळालेलीं नकारार्थी उत्तरें पूर्णपणें विश्वसनीय मानूं नयेत, कारण प्रस्तुत संशोधिकेनेंहि हाच प्रश्न तिला विचारला गेला असतां खोटें उत्तर दिलें होतें. मार्गदर्शकांनीं तें वाक्य दोनदां वाचलें, आणि राहूं द्या म्हणाले. मात्र इतरांप्रमाणें आत्याचीहि लेखी संमति घ्यावी लागली. तिनें संमतिपत्र पहिल्या ओळीपासून वाचून काढलें, 'नांव गुप्त ठेवलें जाईल' या ओळीवर बोट ठेवून "हें माझ्यासाठीं कीं तुमच्यासाठीं?" असें विचारलें, आणि सही केली.

पुतणीला पाहावयास गेल्या महिन्यांत एक मंडळी आली होती. चहा झाल्यावर मुलाच्या मामांनीं नेहमींचा प्रश्न घातला: घरांत कोणास मोठा आजार वगैरे? वहिनीनें क्षणभर माझ्याकडे पाहिलें. मग तीच म्हणाली, "आमच्या आत्यांना अपस्मार आहे. गेलीं तीसपेक्षां जास्त वर्षें औषधानें अगदीं बऱ्या आहेत. त्या आतां आंत लाडू वळताहेत, बोलावूं?" त्या मंडळींचा निरोप अद्याप आलेला नाहीं, कदाचित्‌ येणारहि नाहीं. "आधींच कळलें तें बरें," असें पुतणी म्हणते. आमच्या घराचा प्रश्नपत्रिकेचा कागद मीं भरून इतरांत लावून टाकला आहे. फिट, फेफरें, आंकडी या प्रश्नापुढें 'होय' असें लिहिलें आहे. सुपारीच्या डबीला मात्र आम्ही अजून सुपारीची डबीच म्हणतों; फक्त ती आतां आत्याच्या उशाखालीं नसते, स्वयंपाकघरांतल्या फडताळांत, सर्वांच्या हाताशीं असते.